पोथीची पुष्पिका आणि ग्रंथप्रकाशनाचे पालटते रूप

(श्रीमठाच्या वर्धापन-महोत्सवात बिरसा येथे झालेले व्याख्यान)

 

महोत्सव-समितीने मला नेमून दिलेला विषय ऐकून आपणांपैकी कित्येकांस नवल वाटले असेल. लघुकौमुदी आणि अमरकोश शिकविणाऱ्या माणसाने ग्रंथप्रकाशनावर, आणि त्यातही संगणकीय प्रकाशनावर काय बोलावे? परंतु हा विषय आता आपल्या उंबरठ्यावर येऊन बसला आहे. मठाच्या ग्रंथागारातील पोथ्यांची छायाचित्रे घेऊन, त्यांचे पाठ संगणकावर उतरवून, ते सर्वांस खुले करावेत की नाही, हा प्रश्न गेले वर्षभर विश्वस्तांपुढे आहे. काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, पोथी ही पूजेची वस्तू आहे, ती बासनातच शोभते. बाजारात मांडली की तिचे पावित्र्य गेले. काही तरुण मंडळींचे म्हणणे असे की, जे कोणी वाचत नाही ते असून नसल्यासारखेच. दोन्ही पक्षांची कळकळ खरी आहे, म्हणूनच हा वाद मिटत नाही. निर्णय वडिलांनी करावयाचा आहे. मी केवळ एका अध्यापकाच्या दृष्टीने या वादात काय दिसते ते निवेदन करणार आहे.

प्रथम एका लहानशा गोष्टीकडे आपले लक्ष वेधतो. हस्तलिखित पोथी हाती आली म्हणजे जाणकार मनुष्य पहिले पान पाहत नाही. तो शेवटचे पान उलगडतो. ग्रंथ संपल्यावर लेखनिकाने चार-दोन ओळी लिहिलेल्या असतात. ग्रंथाचे व कर्त्याचे नाव, मग शक, संवत्सर, मास, तिथी आणि वार, मग गाव, आणि शेवटी ही प्रत कोणी व कोणासाठी लिहिली ते. या ओळींस पुष्पिका म्हणतात. पुष्कळदा तो बिचारा असेही लिहितो की, समोरच्या प्रतीत जसे दिसले तसे मी उतरले आहे, शुद्धाशुद्धाचा दोष मला देऊ नये; तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून हिला जपावे. एखाद्या नम्र माणसाचे आर्जव म्हणून आपण ते वाचतो आणि सोडून देतो. परंतु त्यात एक फार मोठी व्यवस्था सामावलेली आहे. या पाठाच्या मागे कोण उभा आहे, हे ती पुष्पिका सांगते. चूक सापडली तर कोणाच्या हातून, कोणत्या गावी, कोणत्या वर्षी ती शिरली असावी, याचा माग त्या चार ओळींवरून काढता येतो.

ज्ञानेश्वरीचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. प्रचलित पाठाच्या अखेरीस शके १२१२ हे वर्ष येते आणि सच्चिदानंदबाबांनी आदरपूर्वक लेखन केले अशी नोंद येते. नेवासे हे स्थळही ग्रंथातच आहे. एवढ्या थोर ग्रंथाच्या शेवटी लेखनिकाचे नाव अमर झाले आहे, हे ध्यानात घ्यावे. पुढे जवळजवळ तीनशे वर्षांनी एकनाथमहाराजांनी पाहिले की प्रतीप्रतींत पाठ भ्रष्ट झाला आहे. त्यांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, प्रती ताडून पाठ शुद्ध केला, त्या कार्याचे वर्ष ग्रंथाच्या शेवटी नोंदवून ठेवले आणि मधे कोणी आपली ओवी घुसडू नये असे बजावले. आज विद्यापीठांत ज्याला ग्रंथसंपादन म्हणतात, त्याचा मराठीतील हा पहिला थोर नमुना होय. नाथांनी नवा पाठ सिद्ध केला तो अनामिकपणे सोडून दिला नाही. मी केले, अमुक वर्षी केले, असे सांगून केले.

दुसरे उदाहरण विदर्भातील महानुभाव पंथाचे. म्हाइंभटांनी सिद्ध केलेली लीळाचरित्राची मूळ प्रत खलजींच्या स्वारीनंतरच्या धामधुमीत नाहीशी झाली, असे पंथाची परंपरा सांगते. अनुयायांनी तो ग्रंथ पुनः स्मरणातून उभा केला. परंतु सर्वांच्या स्मरणातून एकच पाठ निघाला असा आव कोणी आणला नाही. पिढीपाठ, रामेश्वरबासांचा पाठ अशा नावांनी ते पाठ ओळखले जात राहिले. आपत्काळातही पाठाच्या मागचे नाव पुसले गेले नाही, याचा मला स्वतःला फार अचंबा वाटतो.

आणि पुष्पिका संदिग्ध असली म्हणजे काय होते, याचे उदाहरण तर आपल्याच नदीकाठचे आहे. बालाघाटावरून वाहत जाणारी वैनगंगा पुढे भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांच्या सीमेवर आंभोरा या क्षेत्रापाशी पोहोचते. मुकुंदराजांचा विवेकसिंधु तेथे रचला गेला असे इकडचे लोक मानतात. मराठवाड्यातील लोक तो मान आंबेजोगाईस देतात. रचनाकाल शके १११० असा सांगितला जातो, त्यावरही अभ्यासकांत मतभेद आहेत. स्थळकाळाच्या नोंदीतील दोन-चार शब्द कसे वाचावयाचे, यावर पिढ्यान्पिढ्या लेख लिहिले गेले. आपण वैनगंगेकडचे असल्यामुळे आपले मत ठरलेलेच आहे, ते असो. परंतु शेवटच्या पानाचे मोल किती, हे या वादावरून कळावे.

आता मुद्रणाकडे वळू. मुद्रण आले तेव्हाही आजच्यासारखाच वाद झाला होता. इसवी सन १८०५ हे वर्ष या दृष्टीने मोठे कुतूहलाचे आहे. त्याच वर्षी बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण छापले गेले. त्यांचे साहाय्यक पंडित वैजनाथ हे नागपूरकडचे. त्याच वर्षी इकडे मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्यावर कोरलेल्या ठशांवरून भगवद्गीता छापली गेली. त्या ठशांची मूळ कल्पना नाना फडणविसांच्या काळची होती. म्हणजे मुद्रण ही केवळ परकीयांनी आणून लादलेली वस्तू नव्हे. आपल्या लोकांनीही ती हौसेने हाती घेतली होती. पुढे मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापले. त्या काळी धार्मिक वृत्तीचे लोक छापील पुस्तकास शिवत नसत, कारण शाईत प्राण्यांची चरबी असते असा आक्षेप होता. गणपत कृष्णाजींनी त्यावर व्याख्यान दिले नाही की भांडण काढले नाही. त्यांनी तुपाची शाई तयार केली. आक्षेप खरा होता, त्यावर उपायही खरा काढला गेला. आजच्या वादातही आपल्याला अशीच तुपाची शाई शोधावयाची आहे, असे मी मानतो.

मुद्रणाने पुष्पिकेचे स्थान बदलले. ती शेवटच्या पानावरून पहिल्या पानावर आली. निर्णयसागराची पोथी ज्यांच्या घरी आहे त्यांनी तिचे मुखपृष्ठ पाहावे. जावजी दादाजी चौधरी यांनी १८६९ मध्ये स्थापिलेल्या या छापखान्याने राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिराकडून देवनागरीचे खिळे घडवून घेतले. काशिनाथ पांडुरंग परब आणि पंडित दुर्गाप्रसाद यांच्यासारख्या विद्वानांकडून ग्रंथ शोधवून घेतले आणि त्यांची नावे ठळक छापली. पुण्याच्या आनंदाश्रमाने महादेव चिमणाजी आपटे यांच्या दानातून संस्कृत ग्रंथावली चालविली, तिच्यातही कोणत्या गावच्या कोणत्या गृहस्थाची पोथी पाठासाठी मिळाली, ते कृतज्ञतेने नोंदविलेले आढळते. निर्णयसागराची प्रत म्हटली की वाद थांबे. हा मान टाइपाच्या देखणेपणामुळे मिळाला नाही, नाव छापणाऱ्याने नावास जपले म्हणून मिळाला.

या परंपरेचा कळस म्हणजे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती. १९१९ मध्ये आरंभ, १९६६ मध्ये समाप्ती; १,२५९ हस्तलिखिते तपासली; ८९ हजारांहून अधिक श्लोकांचा पाठ सिद्ध केला. विष्णु सीताराम सुखठणकर यांनी १९२५ पासून १९४३ मध्ये देहावसान होईपर्यंत त्याचे संपादन केले, आणि त्यांच्यानंतर बेलवलकर, वैद्य यांनी ते तडीस नेले. प्रत्येक पानाच्या तळाशी पाठभेद दिले आहेत; अमुक पोथीत असे, तमुक पोथीत तसे. आम्हांस हा पाठ योग्य वाटला, परंतु आपणांस न पटल्यास ही सामग्री समोर आहे, पाहून घ्यावी. याहून प्रामाणिक व्यवहार कोणता असू शकेल?

आता याच ग्रंथाचे पुढे काय झाले ते ऐकावे. जपानमधील क्योतो येथील प्राध्यापक मुनेओ तोकुनागा यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस या आवृत्तीचा संपूर्ण पाठ संगणकावर उतरविला. इंग्लंडमधील केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी तो पुनः मूळ ग्रंथाशी ताडला, चुका दुरुस्त केल्या आणि सर्वांस विनामूल्य उपलब्ध करून दिला. कोणी उतरविला, कोणी शोधला, कोणत्या आवृत्तीवरून घेतला, हे सर्व त्या फाईलबरोबर लिहिलेले आहे. बिरशासारख्या गावी बसून आज मी एखादा शब्द महाभारतात किती ठिकाणी आला आहे ते क्षणात पाहू शकतो. माझ्या गुरुजींनी त्यासाठी आयुष्यातील कित्येक रात्री घालविल्या असत्या. संगणकास नाक मुरडणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य ध्यानात घ्यावे.

परंतु सगळा माल असा नाही. दररोज सकाळी आपणा सर्वांच्या मोबाईलवर स्तोत्रे, अभंग, सुभाषिते येत असतात. ती कोणी पाठविली ते कळते. कोणी उतरविली, कोठून उतरविली ते कळत नाही. माझ्याजवळ एकाच स्तोत्राच्या अशा तीन प्रती आल्या, तिन्हींत श्लोकांची संख्या वेगळी होती. हस्तलिखितात चूक झाली तर एका प्रतीपासून दहा प्रतींत जाण्यास शंभर वर्षे लागत. येथे एका दुपारी ती लाखभर घरांत पोहोचते, आणि पुष्पिका नसल्यामुळे तिचा माग घेण्याचा मार्गच उरत नाही.

चुका शिरतात कशा, हेही थोडे समजून घ्यावे. छापील पानाचे स्कॅन म्हणजे छायाचित्र, ते निराळे. आणि त्या पानातील अक्षरे यंत्राने ओळखून तयार केलेला पाठ निराळा. यंत्र अक्षरे ओळखते तेव्हा ज्या अक्षरांची आकृती जवळची, त्यांची सरमिसळ होते: घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ष आणि प. घनश्याम याचा धनश्याम होतो, चिन्मय याचा चिन्भय होतो. आमचे विद्यार्थी यावर हसतात, पण ज्याला संस्कृत येत नाही तो भाविक तेच पाठ करतो. अनुस्वार गळतो, अवग्रह गळतो, जुन्या कागदावरील डाग विसर्ग होऊन बसतो.

दुसरी अडचण अक्षरांच्या साठवणीची. संगणकावर देवनागरी आली तेव्हा प्रत्येक कंपनीने आपापल्या फॉन्टसाठी आपापली सांकेतिक रचना ठेवली. १९९१ मध्ये भारतीय मानक ठरले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती देवनागरीसह निघाली. तरीही आपल्याकडील छपाईच्या व्यवसायात जुने फॉन्ट पुढे कित्येक वर्षे चालू राहिले. आपल्या मठाची एक जुनी स्मरणिका अशाच फॉन्टमध्ये जुळविली होती. तिची तबकडी कपाटात जपून ठेवलेली आहे. ती उघडणारे यंत्र मोठ्या प्रयासाने मिळविले, तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची मिसळ दिसू लागली. त्याच स्मरणिकेची छापील प्रत मात्र आजही कोणीही वाचू शकतो. वैदिक स्वरांची गोष्ट तर आणखी नाजूक. उदात्त-अनुदात्तांच्या नेहमीच्या खुणांपलीकडील, निरनिराळ्या शाखांत लागणाऱ्या चिन्हांना युनिकोडात पुरेसे स्थान मिळाले ते २००९ मध्ये. त्यापूर्वी जे उतरविले गेले, त्यात ती चिन्हे गेली तरी किंवा कशीबशी बसविली तरी गेली.

तिसरी अडचण टिकाऊपणाची. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या सरकारी प्रकल्पात देशभरातील ग्रंथालयांतील लक्षावधी पुस्तके स्कॅन झाली. कित्येकांत पाने गळालेली, कित्येकांची नावे चुकीची नोंदलेली. तरी ते धन फार मोठे होते. पुढे ते संकेतस्थळ बंद पडले, आणि त्यातील पुष्कळ पुस्तके आज मिळतात ती कोणी आधीच त्यांच्या नकला करून अमेरिकेतील इंटरनेट आर्काइव्हवर ठेविल्या म्हणून. तेच आर्काइव्ह ऑक्टोबर २०२४ मध्ये हल्लेखोरांच्या उपद्रवामुळे काही दिवस बंद होते. पोथीही अमर नसतेच. जानेवारी २००४ मध्ये भांडारकर मंदिरावर हल्ला होऊन ग्रंथांची आणि हस्तलिखितांची नासधूस झाली, ती आठवण आजही क्लेश देते. म्हणून एकाच वस्तूवर, एकाच ठिकाणावर विसंबणे हेच चूक. मग ते ठिकाण कपाट असो की संकेतस्थळ.

आणि अलीकडे एक नवीनच प्रकार उद्भवला आहे. प्रश्न विचारला की उत्तर रचून देणारी यंत्रे मुलांच्या हाती आली आहेत. त्यांचा उपयोग पुष्कळ आहे, मी नाकारीत नाही. परंतु एका विद्यार्थ्याने मला एक श्लोक दाखविला, खाली उपनिषदाचे नाव, अध्याय, खंड, सर्व व्यवस्थित. छंद बरा होता. मी ग्रंथ काढून पाहिले, तसा श्लोक त्या उपनिषदात नाही! यंत्राने तो रचला होता आणि पुष्पिकाही रचली होती. पुष्पिका नसलेला पाठ आपण पाहिला होता. खोटी पुष्पिका असलेला पाठ अशा सहजतेने निर्माण होणे ही या काळाची करणी आहे. मूळ ग्रंथ उघडून पाहणारा मनुष्य यामुळे पूर्वीपेक्षा अधिक आवश्यक झाला आहे.

विद्वत्तापूर्ण नियतकालिकांविषयीही दोन शब्द बोलणे प्राप्त आहे, कारण आपल्या पाठशाळेतून बाहेर पडून विद्यापीठात जाणारी मुले तेथे जाऊन बुचकळ्यात पडतात. पूर्वी शास्त्रार्थ सभेत होई. पंडित समोरासमोर बसत, प्रतिज्ञा दुबळी असली तर तेथल्या तेथे उघडी पडे. त्याच्या जागी नियतकालिके आली. लेख तज्ज्ञांनी तपासावा आणि मग छापावा, हा नियम उत्तमच आहे. परंतु नोकरीसाठी, बढतीसाठी छापील लेखांची संख्या मोजली जाऊ लागली आणि शुल्क घेऊन काहीही छापणारी नियतकालिके भूछत्रांसारखी उगवली. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके एकदम काढून टाकली, यावरून रोगाची व्याप्ती समजावी. पुढे केअर नावाची नवी यादी केली, तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये मागे घेतली आणि निवड शिक्षणसंस्थांवर सोपविली. याद्यांनी विद्वत्ता जोखता येत नाही, हे त्यातून सिद्ध झाले इतकेच.

जी नियतकालिके खरोखर उत्तम, त्यांची वर्गणी लहान संस्थेला पेलत नाही. यावर केंद्र सरकारने १ जानेवारी २०२५ पासून एक राष्ट्र एक वर्गणी ही योजना चालू केली आहे. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, सुमारे ६,३०० संस्था. योजना स्तुत्य आहे. परंतु ती सरकारी उच्चशिक्षणसंस्था व संशोधनसंस्था यांच्यासाठी आहे. मठाच्या आश्रयाने चालणारी, पंधरा-वीस मुलांची पाठशाळा तिच्या कक्षेत येत नाही. आपल्यासारख्यांना आधार आहे तो मुक्तपणे ठेवलेल्या ज्ञानाचाच. मराठी विश्वकोश आज कोणासही घरबसल्या वाचता येतो. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी कोश शिकागो विद्यापीठाने संगणकावर ठेविला आहे, आणि बिरशातील मुलगा आपल्याच भाषेतील जुन्या शब्दाचा अर्थ त्यात पाहतो. ज्यांनी हे सर्व खुले ठेविले त्यांच्या औदार्यावर आपली पाठशाळा चालली आहे. मग आपल्याजवळ जे आहे ते आपण झाकून ठेवावे, हे कितपत न्याय्य?

बिरशाच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. आपली मुले शाळेत हिंदी शिकतात, बाजारात हिंदी बोलतात; मराठी राहिली ती देवघरात, स्वयंपाकघरात आणि या मठाच्या सभामंडपात. आपला हा स्मृतिग्रंथ दोन भाषांत निघत आहे तोही याच कारणास्तव. मराठी पुस्तक पाहिजे तर गोंदिया किंवा नागपूर गाठावे लागते. नातवाला आजीची पोथी वाचता यावी असे वाटत असेल, तर ती पोथी त्याच्या हातातील यंत्रावर, शुद्ध आणि मोठ्या अक्षरांत आली पाहिजे. नाहीतर पोथी बासनात सुरक्षित राहील आणि वाचणारा संपून जाईल.

आता वडीलधाऱ्यांच्या शंकांचा विचार करू. पहिली शंका अपपाठाची: पाठ खुला केला की कोणीही त्यात फेरफार करील. ही भीती रास्त आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून शतकानुशतके परक्यांपासून राखले; पाठ जपला गेला हा त्याचा लाभ. परंतु त्याची किंमतही पडली. मराठी गद्याचे ते आद्य वैभव बाहेरच्या अभ्यासकांच्या दृष्टीस विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पडले नाही, आणि मराठी वाङ्मयाचा इतिहास तोपर्यंत त्याच्याविना लिहिला गेला. पुढे पंथातील महंतांनीच उदार होऊन लिपीची किल्ली दिली आणि १९३० च्या दशकात हरि नारायण नेने यांनी नागपुराहून लीळाचरित्राचे भाग प्रसिद्ध केले. त्यामुळे पंथाचे काही उणे झाले काय? उलट त्याचा गौरव वाढला. शिवाय अपपाठ पसरविणारे आपल्या अनुमतीसाठी थांबलेले नाहीत. आपला शुद्ध पाठ, मूळ पानाच्या छायाचित्रासह, मठाच्या नावाने उपलब्ध असेल, तर शंका आलेल्या माणसास ताडून पाहण्यास जागा राहील. आज ती जागाच नाही.

दुसरी शंका अशी की, कोणीतरी आपले ग्रंथ छापून पैसे मिळवील. प्राचीन ग्रंथावर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी तो संपतो. परंतु एखाद्या विद्यमान संपादकाने केलेली नवी आवृत्ती, टीपा, भाषांतर यांवर त्याचा हक्क असतो. तेव्हा छापील आधुनिक पुस्तके स्कॅन करून टाकणे आपल्या हातून होता कामा नये. आपण आपल्या हस्तलिखितांपुरते पाहावे. कोणी ती छापून विकली, तर विकू द्यावी. त्यावर मठाचे नाव आणि प्रतीचा क्रमांक छापावा, एवढीच अट घालावी.

तिसरी शंका बोलून दाखविली जात नाही, पण ती मनात आहे: पोथी उघडी झाली की मठाकडे कोण येणार? यावर मी वाद घालणार नाही. महाभारत जगभर वाचावयास मिळते म्हणून भांडारकर मंदिराचे महत्त्व कमी झालेले नाही, एवढेच सांगतो.

सरकारकडूनही साह्य मिळू शकेल. २००३ मध्ये राष्ट्रीय हस्तलिखित अभियान सुरू झाले होते. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात ज्ञानभारतम् या नावाने त्याचा विस्तार घोषित झाला असून एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण व जतन करावयाचे योजिले आहे. त्यात खाजगी संग्रहांचाही समावेश आहे. आपल्या संग्रहाची नोंद त्यात करावी. परंतु छायाचित्र काढणारा बाहेरून येईल, पाठ शोधणारा बाहेरून येणार नाही. ते काम येथेच झाले पाहिजे, आणि त्याची रीत आपल्या पाठशाळेत आधीपासून आहे. वेदाचा पाठ राखण्यासाठी पूर्वजांनी पद, क्रम, जटा, घन असे पाठ योजिले; एकच मंत्र इतक्या रीतींनी उलटसुलट म्हटला की अक्षर निसटण्यास वावच राहत नाही. तीच दृष्टी येथे ठेवावी. एकाने पोथीतून मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने पडद्यावरील पाठावर बोट ठेवून ऐकावे. मग दोघांनी जागा बदलाव्यात आणि पुनः वाचावे. जेथे अक्षर लागत नाही तेथे अंदाजाने भरू नये, रिकामी जागा ठेवून खूण करावी.

आणि प्रत्येक पाठाच्या शेवटी पुष्पिका लिहावी. मूळ पोथीचा क्रमांक, तिची स्वतःची पुष्पिका जशीच्या तशी, पाठ उतरविणाऱ्याचे नाव, ताडून पाहणाऱ्याचे नाव, शक आणि इसवी सन, गाव बिरसा, जिल्हा बालाघाट. पुढे कोणी चूक कळविली तर दुरुस्ती करून तिचीही तारीख आणि कळविणाऱ्याचे नाव त्याखाली लिहावे; जुना पाठ पुसू नये. पाठ युनिकोडातच ठेवावा. एक प्रत मठात, एक दुसऱ्या गावी, एक सार्वजनिक संग्रहात असावी. आणि चांगल्या कागदावर छापून बांधलेली एक प्रत ग्रंथागारात असावीच, कारण तिला वीज लागत नाही.

विश्वस्तांनी अनुमती दिली तर पाठशाळेतील सहा मोठे विद्यार्थी आणि मी असे आम्ही या कामास सिद्ध आहोत. दररोज सायंसंध्येनंतर एक तास, वर्षभरात किती पाने होतील ते पोथीच्या अक्षरावर अवलंबून राहील. मोडी लिपीतील बाडे मात्र आम्हांस जमणार नाहीत, त्यांसाठी वाचणारा शोधावा लागेल, कोणाच्या परिचयात असल्यास कळवावे. ज्यांच्या घरी वडिलोपार्जित पोथ्या असतील त्यांनी त्या मठास देऊन टाकाव्यात अशी आमची अपेक्षा नाही. चार दिवस ठेवून त्यांची प्रत घेऊ आणि पावतीसह परत करू. पोथी आणताना बासन सोडू नये, सुटी पाने क्रमाने लावण्याचा प्रयत्न करू नये, आणि शेवटचे पान वेगळे होऊन देव्हाऱ्यात किंवा एखाद्या जुन्या पंचांगात राहिले असल्यास तेही आठवणीने घेऊन यावे.